कृपेच्या दारी पंडिता



दौंडहून पुण्याकडे निघालेली गाडी पाटस, कडेठाण मागे टाकून केडगावला थांबते. शिरूरकडची माणसे न्हावऱ्यावरून, भीमा ओलांडून चौफुल्याला येतात, तेव्हा त्यांनाही हे गाव हाताशीच लागते. तिथले मुक्ती मिशन आपल्यापैकी बऱ्याच जणांनी निदान बाहेरून पाहिलेले आहे. ज्यांनी ते उभे केले त्या पंडिता रमाबाईंचे नाव शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असते. विधवांसाठी झटणाऱ्या समाजसुधारक आणि संस्कृतच्या पंडिता, एवढी ओळख आपण परीक्षेपुरती पाठ केलेली असते. पण त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट अशी घडली, जी शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही, आणि दर रविवारी मिस्साला येणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांना तीच सर्वांत जवळची आहे. स्नानसंस्कार घेतल्यावर आठ वर्षांनी रमाबाईंना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे खरा, पण ख्रिस्त अजून आपल्याला भेटलेला नाही.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. रमाबाई आपल्या कॅथोलिक चर्चच्या नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन चर्चमध्ये झाला आणि पुढे त्यांनी कोणत्याच पंथाची चौकट फारशी मानली नाही. तरीही आपल्याच तालुक्यात एका स्त्रीच्या अंतःकरणात परमेश्वराने कसे काम केले, हे समजून घ्यायला त्याची अडचण होऊ नये.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. बायकांना संस्कृत शिकवू नये, असे मानणाऱ्या त्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. पुढे आईने मुलीला शिकवले. रमा जेमतेम सहा महिन्यांची असताना हे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटीत घालून एका माणसाच्या डोक्यावर दिले होते. त्यानंतर कितीतरी वर्षे त्यांचे घर म्हणजे देवळाचा ओसरा किंवा नदीचा घाट. पुराण सांगायचे, लोक देतील ते घ्यायचे, त्यातले दान करायचे, उपास-व्रते करायची. आज ना उद्या या पुण्याची फेड होईल आणि पापे धुतली जातील, ही त्या भाबड्या आणि प्रामाणिक कुटुंबाची श्रद्धा होती.

मग दुष्काळ आला. जवळचे सगळे विकून झाले. पितळेची भांडीही गेली. अनंतशास्त्र्यांच्या मुलांना शास्त्रे येत होती, पण मोलमजुरी येत नव्हती आणि भीक मागायची लाज होती. झाडाचा पाला आणि रानफळे खाऊन दिवस काढले. १८७४ साली वडील गेले. थोड्याच दिवसांत आई गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन जण तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. स्मशान तीन मैलांवर होते. रमा उंचीने लहान, खांदा पुरेना, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. त्यानंतर काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली.

राहिलेली दोन भावंडे हिंदुस्थानभर पायी हिंडली. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हते. दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यात उतरून मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. एवढे सोसल्यावर वडिलांनी शिकवलेल्या व्रतवैकल्यांवरचा त्यांचा विश्वास ढासळला. एवढे पुण्य करूनही देवाने का ऐकले नाही, या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. याच शहरात ख्रिस्ती लोकांच्या एका सभेत त्यांना बोलावणे आले. चहा-बिस्किटे पाहून भाऊ घाबरला, आता कलियुग खरोखर आले असे त्याला वाटले. प्रार्थनेच्या वेळी मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसली. देवाची मूर्ती कुठे दिसेना, तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात, अशी या दोघांची समजूत झाली. आज आपल्याला हसू येते. पण आपल्याकडे पाहणाऱ्याला आपण नेमके कोणापुढे गुडघे टेकतो हे कळते का, असा प्रश्न अधूनमधून स्वतःला विचारायला हरकत नाही.

१८८० साली श्रीनिवास ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे दोघांनाही लोकांनी दूर ठेवले. सिल्चरच्या घरात पतीच्या पुस्तकांमध्ये रमाबाईंना संत लूकचे शुभवर्तमान बंगाली भाषेत सापडले आणि त्या ते वाचू लागल्या. फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने बिपिनबाबू गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती. चोविसाव्या वर्षाच्या आतच आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती या सर्वांना निरोप देऊन ही विधवा लेक कडेवर घेऊन पुण्याला आली.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, पुस्तक लिहिले. इथेच त्यांची गाठ फादर नेहेम्या गोरे यांच्याशी पडली. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीचे मराठी ब्राह्मण पंडित, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. अतिशय नम्र माणूस. स्वतःच्या मनातल्या शंकांशी ते जन्मभर झगडले. पंडितेला पंडितच भेटला, हे बरे झाले.

१८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे अँग्लिकन सिस्टरांच्या मठात राहू लागल्या. पण कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. सिस्टरांनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले आश्रम पाहायला पाठवले. समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकून दिले होते अशा स्त्रिया तिथे राहत होत्या. त्यांना कोणी हिणवत नव्हते. त्यांतल्या काही जणी तर आता इतर दुःखितांची सेवा करीत होत्या. रमाबाईंनी असे कधी पाहिले नव्हते. तुम्ही हे कशासाठी करता, असे त्यांनी एका सिस्टरला विचारले. सिस्टरने संत योहानच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय उघडून प्रभू येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरची भेट वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या त्या बाईशी प्रभू बोलला, तिच्याकडे पाणी मागितले आणि तिलाच जिवंत पाण्याविषयी सांगितले. रमाबाईंचे मन हलले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी स्नानसंस्कार घेतला.

इथपर्यंतची हकीकत साक्ष म्हणून सांगायला पुरेशी आहे. बहुतेक जण इथेच थांबतात. पण रमाबाईंच्या मनातला प्रश्न इथे सुटलेला नव्हता.

त्या सिस्टरांशी वाद घालीत. ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य, धर्ममंडळाचा अधिकार, एकेका विषयावर त्यांनी लांब लांब पत्रे लिहिली. शाकाहार सोडला नाही, पांढरी साडी सोडली नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, तेव्हा लॅटिन ही संस्कृतपेक्षा पवित्र कशी, असेही विचारले. मला विचाराल तर यातले पुष्कळसे प्रश्न रास्त होते. साहेबाचा पोशाख आणि साहेबाची भाषा म्हणजेच ख्रिस्ती धर्म नव्हे, हे त्या बाईंनी आपल्या आधी कितीतरी वर्षे ओळखले. पण त्याचबरोबर सिस्टरांना त्यांच्यात अहंकारही दिसला, आणि तो अगदीच नव्हता असे म्हणता येणार नाही. सर्वांना हरवू शकणारी बुद्धी जवळ असली की शरण जायला फार जड जाते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे व्याख्याने दिली, पुस्तक लिहिले आणि बोस्टनला त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. पहिल्या विद्यार्थिनींतली गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांची पत्नी झाली. नाव झाले, पैसा आला, काम वाढले.

आणि नेमके याच काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना आतून रिकामे वाटू लागले. त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र आले. हा माणूस कित्येक वर्षे वेदीवर उभा राहून उपदेश करीत होता, आणि १८५१ साली एका रविवारी स्वतःचाच उपदेश देता देता त्याचे हृदयपरिवर्तन झाले. ते वाचून रमाबाई थबकल्या. त्यांनी स्वतःला तपासले. ख्रिस्ती सिद्धांत बुद्धीला पटले होते, विधी झाले होते, सत्कर्मे तर रात्रंदिवस चालू होती. पण आपण पापी आहोत आणि आपल्याला स्वतःला तारता येत नाही, हे त्यांनी मनापासून कधी मान्य केलेच नव्हते.

भाविकांनो, इथे जरा थांबू या. लहानपणी आई-वडिलांबरोबर रमा तीर्थ करीत होती, दान देत होती, उपास धरीत होती. सगळा पुण्याचा हिशोब. तो हिशोब दुष्काळात बुडाला. पुढे ख्रिस्ती झाल्यावरही नकळत तीच वही पुन्हा उघडली गेली. फक्त व्रतांच्या जागी विधवांची सेवा आली आणि पोथीच्या जागी ईश्वरविज्ञान. विहिरीवरच्या बाईला प्रभूने क्षमा केली, हे रमाबाईंनी १८८३ मध्ये मान्य केले ते फुलहॅमच्या स्त्रियांसाठी. त्या विहिरीवर आपल्यालाही घागर घेऊन उभे राहायचे आहे, हे कळायला त्यांना आठ वर्षे लागली. आणि त्या तर प्रकांड पंडिता होत्या!

आपल्यापैकी पुष्कळांचा स्नानसंस्कार तान्हेपणीच झाला. धर्मग्रामाच्या वहीत नाव आहे, नाताळात गोठा सजवतो, सणाला वर्गणी देतो, कोणी वाचन करतो, कोणी गायनवृंदात गातो. हे सर्व चांगलेच आहे. रमाबाईंचेही सर्व चांगलेच होते.

त्यांनी काय केले? फार काही नाही. नवीन व्रत घेतले नाही. आपण आहोत तशा, संशयासकट आणि अभिमानासकट, त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या स्वाधीन केले आणि क्षमा फुकट मिळते यावर विश्वास ठेवला. फुकट घेणे हे मानी माणसाला सर्वांत अवघड असते. दुष्काळात भीक मागायची लाज वाटणाऱ्या त्या मुलीला ते किती अवघड गेले असेल, याची कल्पना करा. तिथून पुढे त्यांच्या मनाला जी शांती लाभली ती संकटांतही ढळली नाही, असे त्यांनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे.

संकटे आलीच. १८९३ साली शारदा सदनावर मोठे वादळ आले. संस्थेत कोणावर धर्म लादायचा नाही, असे वचन होते. रमाबाईंनी लादला नाही, पण आपल्या खोलीत प्रार्थना करताना दारही लावून घेतले नाही, आणि मुली त्यांच्याजवळ येऊन बसू लागल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या थोर हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पालकांनी वीसेक मुली काढून नेल्या. ज्यांनी विश्वासाने लेकी पाठवल्या त्या पालकांची तक्रार अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही. रमाबाईंनाही आपल्या घरात देवाचे नाव घेण्याची मोकळीक हवी होती. दोन्ही बाजूंना दुःख झाले.

१८९५ च्या सुमारास लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचा प्रार्थना मेळावा भरत असे. रमाबाईंजवळ तेव्हा विश्वासात आलेल्या पंधरा मुली होत्या. पंधराचे पंधरापट, म्हणजे दोनशे पंचवीस, व्हावेत अशी प्रार्थना त्यांनी तिथे केली. मागणे मोठे होते. उत्तर आले ते दुष्काळाच्या रूपाने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात उपासमार सुरू झाली. ज्यांनी स्वतः पाला खाल्ला होता त्या रमाबाईंना घरी बसवेना. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ, एवढ्या माणसांना तिथे ठेवता येईना. केडगावला त्यांनी आधीच थोडी जमीन घेतली होती, फळबाग लावून शारदा सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून. त्याच उघड्या माळावर मुलींना आणले. विहिरी खणल्या, आधी झोपड्या आणि मग दगडी इमारती उभ्या राहिल्या. त्या वस्तीचे नाव मुक्ती. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथे जवळजवळ एकोणीसशे माणसे जेवत होती. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना हे सर्व बायका-मुलीच चालवीत. अंधांसाठी बार्तिमी सदन होते.

त्यातच एक वेगळे घर होते. दुष्काळात सापडलेल्या अनेक मुलींना वाटेत माणसांनीच नासवले होते. काही जणी आधीच वाईट मार्गाला लागलेल्या होत्या. त्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते. रमाबाईंनी त्यांच्यासाठी घर बांधले आणि त्याला नाव दिले कृपासदन. सुधारगृह म्हटले नाही, पतिताश्रमही म्हटले नाही. फुलहॅमला पाहिलेले ते घर इतक्या वर्षांनी भीमेच्या खोऱ्यात उभे राहिले. तिथे आलेल्या सगळ्याच जणी सुधारल्या असतील असे नाही. अशा कामात निराशा फार पदरी येते, हे आपल्या सिस्टरांनाही विचारून पाहा. पण दाराचे नाव बदलले नाही.

१९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोजची खास प्रार्थना सुरू केली. आरंभी सत्तरेक जणी होत्या, मग त्या शेकड्यांनी वाढल्या. जूनच्या अखेरीस एक विलक्षण गोष्ट घडली. मुली रडत रडत आपापली पापे कबूल करू लागल्या. कोणी चोरी सांगितली, कोणी मनातला द्वेष. शाळा बाजूला राहिली आणि दिवसचे दिवस प्रार्थना चालली. त्या आरडाओरड्यावर टीकाही झाली. आपल्या शांत उपासनेची सवय असलेल्यांना ते चमत्कारिक वाटेल. परमेश्वराने आपल्याला यासाठी प्रायश्चित्त संस्कार दिला आहे. फादर कानाशी बसलेले असतात, आणि आपण मात्र पुष्कळदा तिथे जाऊन सुनेची नाहीतर सासूची पापे सांगून परत येतो. केडगावच्या त्या अडाणी मुलींनी निदान स्वतःची सांगितली.

कृपा मिळाली म्हणून रमाबाईंचा स्वभाव पालटला, असे मात्र समजू नका. त्या शेवटपर्यंत हट्टी राहिल्या. निर्णय बहुधा एकट्याच घेत. बहिरेपणही वाढत गेले. पण ज्या विद्येचा एकेकाळी अभिमान होता तिचे त्यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. प्रचलित मराठी बायबल खेड्यातल्या बायकांना समजत नाही हे पाहून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचे भाषांतर एकटीने करायला बसल्या. संस्कृतच्या या सरस्वतीने मुद्दाम जड शब्द टाळले आणि जात्यावर बसणाऱ्या बाईला कळेल अशी मराठी लिहिली. ते भाषांतर सर्वत्र रूढ झाले नाही. पण एका स्त्रीने मूळ भाषांतून सगळे बायबल मराठीत आणावे, ही लहान गोष्ट नव्हे.

१९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. मुक्तीचा भार आता मनोरमाबाईंनी उचलावा, अशी आईची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. जुलै १९२१ मध्ये मिरजेला मनोरमाबाई वारल्या, चाळीस वर्षांच्या. एकुलती एक मुलगी. रमाबाई स्वतः थकलेल्या होत्या. त्यांनी पुन्हा मुद्रिते पुढे ओढली आणि काम चालू ठेवले. शेवटच्या दुखण्यात, काम पुरे करायला दहा दिवस मिळावेत अशी प्रार्थना त्यांनी केली आणि तेवढे दिवस मिळाले, असे मुक्तीच्या लोकांत सांगत आले आहेत. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांनी झोपेतच प्राण सोडला. पुरते बायबल त्यांना पाहायला मिळाले नाही. ते १९२४ साली बाहेर आले, मुक्तीच्या छापखान्यात मुलींनी एकेक खिळा जुळवून छापलेले.